कित्तूरची पेटी आणि रविवारची रांग

गेल्या सत्रातील एका रविवारी माझी आजी अंगणात पाय घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. बाबांनी सकाळी दहा वाजल्यापासून शाळेच्या गार्ड रूमला फोन लावायला सुरुवात केली. दहा ते साडेअकरा ही आम्हा कॅडेट्सची घरी फोन करण्याची वेळ. त्या दीड तासात बाबांना दर वेळी एकच आवाज ऐकू आला, टूं-टूं-टूं. मला निरोप मिळाला तो मेसमधून जेवून आल्यावर. तोपर्यंत आजीला बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी आत नेले होते आणि तिच्याशी बोलायचे राहून गेले. (आजी आता बरी आहे. काठी घेऊन चालते आणि त्याच काठीने धाकट्या भावाला धाक दाखवते.)

मला नंतर कळले ते असे. आमच्या शाळेतून बाहेर जाणाऱ्या टेलिफोन लाइनी दोन. बूथवरून आम्ही घरी बोलतो त्या याच, आणि बाहेरचा फोन गार्ड रूममध्ये येतो तोही यांच्यावरूनच. त्या रविवारी मी रांगेत सतरावा होतो. म्हणजे माझ्या घरचा फोन ज्यांनी अडवून धरला होता, त्यांच्यात मी स्वतःही होतो.

'एंगेज' हे ठरवते कोण, आणि कशावरून? हा प्रश्न मी आमच्या एनसीसीच्या उस्तादांना विचारला. ते सिग्नल्स कोअरमधून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी उत्तर दिले नाही. खडू हातात देऊन म्हणाले, "फळ्यावर पाच ठिपके काढ आणि प्रत्येक ठिपका बाकीच्या सगळ्यांना जोड."

पाच ठिपक्यांना दहा रेघा लागल्या. ठिपके दहा केले तर रेघा 45. नियम आपल्याला गणितात आलेलाच आहे: संख्येला एकाने कमी संख्येने गुणायचे आणि निम्मे करायचे. एखाद्या गावात 128 फोन असतील आणि प्रत्येकाची तार प्रत्येकाकडे न्यायची म्हटली, तर 8,128 तारा लागतील. शिवाय प्रत्येकाच्या घरात 127 तारांचा भारा येईल, तो वेगळाच. त्यापेक्षा प्रत्येकाची एकच तार मध्यावरच्या एका खोलीत आणावी आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचे आहे त्यांची टोके तिथे तेवढ्यापुरती जोडावीत. ती खोली म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज आणि टोके जोडण्या-सोडण्याचे काम म्हणजे स्विचिंग. यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: सगळे एकाच वेळी बोलणार नाहीत. म्हणून जोडणाऱ्या वाटा माणसांपेक्षा पुष्कळ कमी ठेवतात. सगळ्या वाटा भरल्या की पुढच्याला टूं-टूं.

सुरुवातीला टोके जोडणारा माणूसच असे. मुंबईत 1882 साली पहिले एक्स्चेंज सुरू झाले तेव्हा हीच पद्धत होती. माझ्या आजोबांनी तिची छोटी आवृत्ती स्वतः चालवली आहे. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका पलटणीत सिग्नल प्लाटूनमध्ये होते. त्यांच्या बंकरमध्ये दहा लाइनींचा एक बोर्ड असे. पुढच्या चौकीवरच्या जवानाने फील्ड टेलिफोनचा हँडल फिरवला की बोर्डावरची त्या चौकीची लहानशी झडप खट्‌कन खाली पडे. आजोबा कॉर्डचे टोक तिथे खुपसून विचारत, कोण हवे? मग दुसरे टोक हव्या त्या लाइनीत. "एक्स्चेंजवर बसणाऱ्याने सगळे कानाने ऐकायचे आणि तोंडाने विसरायचे," असे ते सांगतात. एक गोष्ट मात्र ते विसरलेले नाहीत. एकदा एकदम चार झडपा पडल्या होत्या. आधी कोणाची घ्यायची, हे त्या क्षणी त्यांनाच ठरवायचे होते.

माणूस ठरवतो तिथे माणूस पक्षपातही करू शकतो. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा धंदा अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा. आपली गिऱ्हाइके एक्स्चेंजवरची बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, असे सांगतात. संशय खरा होता की नाही कोण जाणे, पण त्यापायी त्याने बाईची गरजच काढून टाकणारे यंत्र शोधले. 1891 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी ते यंत्र चालू झाले.

त्याची रचना आपल्या पीटीच्या शिडीसारखी समजा. दहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर दहा संपर्कबिंदू, म्हणजे एकूण शंभर. जुन्या फोनची चकती फिरवून सोडली की ती परत येताना लाइनीतला प्रवाह तितक्या वेळा तोडते. 4 फिरवला तर चार तुटी, 0 फिरवला तर दहा. सेकंदाला साधारण दहा तुटी पडतात. प्रत्येक तुटीला यंत्राचा दांडा एक पायरी वर चढतो. पुढच्या अंकाला तो आडवा सरकतो. 4 आणि 7 फिरवले की चौथ्या पायरीवरचे सातवे बिंदू, आणि तोच 47 क्रमांकाचा ग्राहक. नंबर मोठा असेल तर असे दांडे एकामागून एक लावतात. पहिल्याने आपला अंक वाचला की तो पुढचा मोकळा दांडा शोधून उरलेले अंक त्याच्या हवाली करतो. बंगळूरला 1948 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने ही स्ट्राउजर यंत्रे वर्षानुवर्षे बनवली. अशा एक्स्चेंजमध्ये दिवसभर हजारो दांडे खडखड वर-खाली होत असत.

आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चकतीचा एक काळा फोन आहे. तो सरांच्या परवानगीने आम्ही आतल्या लाइनीला जोडून पाहिला. चकतीला हात न लावता, रिसिव्हर ज्यावर ठेवतात ती खुंटी नुसती टकटक दाबून माझ्या मित्राने गार्ड रूमचा दोन अंकी नंबर लावला. तिसऱ्या प्रयत्नात लागला. पहिल्या दोन प्रयत्नांत तो क्वार्टरमास्टरकडे लागला होता, पण ती हकिगत इथे नको.

स्ट्राउजरनंतर क्रॉसबार आले. त्यात उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते आणि जिथे दोन पट्ट्या भेटतात तिथे जोड होतो. दांड्यांची धावपळ संपली. पण कोणत्या पट्ट्या ओढायच्या हे ठरवणारे नियंत्रण सगळ्यांसाठी सामाईक झाले. आपल्याकडे बेल्जियमच्या कंपनीचे तंत्र घेऊन पेंटाकोंटा नावाची क्रॉसबार एक्स्चेंजेस बसवली गेली आणि ती फार त्रासदायक ठरली. त्याचे कारण मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत जास्त आवडले. यंत्र ज्या देशांसाठी आखले होते तिथे घरोघरी फोन होता. एका फोनवरून दिवसात मोजकेच कॉल होत. आपल्याकडे फोन थोडे आणि एकेका फोनवर सारी गल्ली येऊन बोलणार. त्यात कॉल लागला नाही की आपण थांबत नाही, लगेच पुन्हा लावतो. न लागलेला प्रत्येक कॉलसुद्धा त्या सामाईक नियंत्रणाचा वेळ खातो. म्हणजे जितके कॉल अडतील तितके लोक पुन्हा लावतील, आणि तितके आणखी अडतील. बाबांनी त्या रविवारी तेच केले होते.

किती वाटा ठेवल्या म्हणजे किती जणांना टूं-टूं ऐकावे लागेल, याचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने मांडले. त्याचे प्रसिद्ध सूत्र 1917 चे. टेलिफोनवरच्या भाराचे एकक त्याच्याच नावाने ओळखतात. एका तासात मिळून एक तासाचे बोलणे, म्हणजे पाच-पाच मिनिटांचे बारा कॉल, हा भार झाला 1 अर्लांग. आता कोणी म्हणेल की एका तासाच्या बोलण्याला एक लाइन पुरे. पण कॉल काही हजेरीच्या क्रमाने येत नाहीत. कधी तीन एकदम, कधी दहा मिनिटे शांतता. अर्लांगच्या सूत्राप्रमाणे 1 अर्लांग भाराला एकच लाइन ठेवली तर निम्मे कॉल परत जातात. दोन ठेवल्या तर पाचात एक. तीन ठेवल्या तर सोळात एक, चार ठेवल्या तर पासष्टात एक. 2, 5, 16, 65 या आकड्यांत एक गंमत आहे: मागच्या आकड्याला नव्या लाइनींच्या संख्येने गुणा आणि एक मिळवा. पाच लाइनींसाठी 65 गुणिले 5 अधिक 1, म्हणजे 326 त एक. (भार बरोबर 1 अर्लांग असेल तरच हा सोपा नियम चालतो, आणि कॉल परत गेलेला माणूस लगेच पुन्हा फोन लावत नाही असे यात धरले आहे. आपल्या घरच्यांना हे लागू नाही.)

यापुढचा बदल सर्वांत मोठा. आतापर्यंत एक्स्चेंजमध्ये धातूला धातू टेकत होता. आता आवाजच आकड्यांत बदलला. आपल्या बोलण्याची पातळी सेकंदाला 8,000 वेळा मोजायची आणि प्रत्येक माप 8 बिटांत लिहायचे. म्हणजे एका माणसाचे बोलणे सेकंदाला 64,000 बिट. दोन मापांच्या मध्ये 125 मायक्रोसेकंदांचा वेळ उरतो. एवढ्या वेळात यंत्र आणखी कितीतरी जणांची मापे त्याच तारेवरून पाठवू शकते. म्हणून त्या 125 मायक्रोसेकंदांचे 32 भाग करतात. 30 भाग 30 संभाषणांसाठी, एक ताल सांभाळायला आणि एक नंबर, घंटी वगैरे निरोपांसाठी.

मग जोडायचे कसे? समजा, 32 कॅडेट एका रांगेत दारातून आत येत आहेत. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी आहे. आत 32 खुर्च्या आहेत आणि आलेल्या क्रमाने सगळे बसतात. बाहेर सोडताना मात्र उस्ताद आपल्या यादीप्रमाणे बोलावतात: पाचव्या खुर्चीवरचा एकोणिसाव्या क्रमांकाने बाहेर, एकोणिसाव्या खुर्चीवरचा पाचव्या क्रमांकाने. पाच नंबरची चिठ्ठी एकोणीस नंबरला मिळाली आणि एकोणीसची पाचला. दोघांचा फोन जोडला गेला! खुर्च्या म्हणजे मेमरी, यादी म्हणजे प्रोसेसरने लिहिलेली आज्ञा. हे फॉल-इन सेकंदाला 8,000 वेळा होते. कोणी फोन ठेवला की यादीतली एक ओळ पुसायची. कुठलाही दांडा हलत नाही.

आपल्या देशात असे यंत्र घडवण्याच्या सुरुवातीच्या कामांतले एक सैन्यासाठी झाले, हे उस्तादांनी सांगितले तेव्हा आमच्या वर्गाला फार आनंद झाला. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1970 च्या दशकात एम. व्ही. पिटके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैन्याच्या 'आरेन' या दळणवळण जाळ्यासाठी स्वयंचलित इलेक्ट्रॉनिक स्विच विकसित केले. रणांगणावर एक्स्चेंज एकच ठेवून चालत नाही, कारण शत्रूचा पहिला गोळा त्यावरच पडेल. म्हणून एक्स्चेंजेस जाळ्यासारखी पसरलेली असतात आणि एक गेले तर कॉल दुसऱ्या वाटेने फिरून जातो. आणखी एक फरक आहे. गावातल्या एक्स्चेंजमध्ये जो आधी आला त्याला वाट मिळते. सैन्यात निरोपांना अग्रक्रम असतो: फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी, रूटीन. आजोबांना चार झडपा पाहून जे मनाशी ठरवावे लागले, ते सैन्याच्या जाळ्यात अशा नियमाने आधीच ठरलेले असते. सिग्नल्स कोअर 15 फेब्रुवारी 1911 ला स्थापन झाले. त्याचे बोधवाक्य 'तीव्र चौकस' आहे. उस्ताद ते सांगताना अजूनही सरळ उभे राहतात.

आता कित्तूर. सुटीत मी म्हैसूरहून बसने बेळगावला जातो तेव्हा धारवाड मागे पडल्यावर पहाटे कित्तूर लागते. राणी चन्नम्मांनी 1824 मध्ये इंग्रजांशी लढाई दिली ते हे गाव. मुलींची सैनिकी निवासी शाळाही तिथे आहे. इतकी वर्षे मला या गावाबद्दल एवढेच माहीत होते.

1980 च्या सुमारास देशात सत्तर कोटींच्या आसपास माणसे होती आणि फोन तीस लाखही नव्हते. त्यांतलेही बहुतेक शहरांत. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून आजोबांच्या पलटणीत निरोप द्यायचा तर आजीला पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे प्रकार आणि तसे चढते दर. आजी ऑर्डिनरी बुक करी आणि पोस्टाच्या पायरीवर डाळ निवडत बसे. कधी तासाने लागे, कधी संध्याकाळपर्यंत लागत नसे. परदेशी तंत्राची मोठी डिजिटल एक्स्चेंजेस देशात येऊ लागली होती, पण ती शहरांसाठी. त्यांना वातानुकूलित खोली लागे. आमच्या गावात तेव्हा पंख्यालाही वीज पुरत नव्हती.

ऑगस्ट 1984 मध्ये सरकारने सी-डॉट ही संस्था स्थापन केली. सॅम पित्रोदा यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता, जी. बी. मीमांसी प्रमुख झाले, टाटा संस्थेतून पिटके आले. बाकीचे बहुतेक इंजिनिअर पंचविशीच्या आसपासचे. मुदत 36 महिने, पैसे 36 कोटी रुपये. शहरांसाठीचे मोठे एक्स्चेंज ठरल्या वेळेत झाले नाही आणि त्यावरून टीकाही झाली. पण त्याच भागांतून त्यांनी एक लहान एक्स्चेंज आधी तयार केले: 128 पोर्टचे, एका कपाटाएवढे. त्याचे नाव रॅक्स, म्हणजे रूरल ऑटोमॅटिक एक्स्चेंज. काही पोर्ट गावच्या ग्राहकांना, काही बाहेरगावी जाणाऱ्या लाइनींना. त्यातले भाग इतकी कमी वीज खात की आतली उष्णता नुसत्या हवेच्या प्रवाहाने निघून जाई. वातानुकूलन नको, वेगळी इमारत नको. धूळ, उन्हाळा आणि जाणारी-येणारी वीज हे सगळे धरूनच आखणी केलेली. वीज गेली तरी बॅटरीवर चाले.

जुलै 1986 मध्ये हे पहिले रॅक्स कित्तूरला बसवले. पुढे देशातल्या हजारो खेड्यांत ही कपाटे पोहोचली, कारण ती बनवण्याचे परवाने एका कंपनीला न देता पुष्कळ भारतीय कंपन्यांना दिले होते. मला वाटते, मोठे एक्स्चेंज वेळेत झाले असते आणि रॅक्स मागे राहिले असते, तर पायरीवर बसणाऱ्या आजीला त्याचा काहीच उपयोग नव्हता. पेंटाकोंटा दुसऱ्यांच्या सवयींसाठी आखले होते. रॅक्स कित्तूरच्या उन्हासाठी.

आजही मी म्हैसूरहून घरचा नंबर लावतो तेव्हा तेच काम होते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीचा 0 पाहून स्थानिक एक्स्चेंज ओळखते की हा बाहेरगावचा. मग 831 म्हणजे बेळगाव. म्हैसूरचा 821. एका अंकाची चूक झाली तर कॉल पाचशे किलोमीटर इकडेतिकडे. उरलेले अंक बेळगावचे एक्स्चेंज वाचते, आमची लाइन मोकळी आहे का पाहते आणि घंटी वाजवते. मोकळी नसेल तर मला टूं-टूं ऐकवते.

एवढे कळल्यावर मी आणि माझा मित्र घड्याळ आणि वही घेऊन एका रविवारी बूथजवळ बसलो. दीड तासात 38 कॉल झाले, सरासरी चार मिनिटांचे. म्हणजे 152 मिनिटांचे बोलणे. दोन लाइनींची 90 मिनिटे मिळून 180. मोकळी राहिली फक्त 28. ही 28 मिनिटे दोन्ही लाइनींवर वेगवेगळ्या वेळी आली असे धरले, तरीही 90 पैकी निदान 62 मिनिटे दोन्ही लाइनी भरलेल्या होत्या. बाबांना त्या रविवारी जे ऐकू आले त्यात यंत्राचा काही दोष नव्हता.

ते पान आम्ही हाउस मास्टरांना दाखवले. तिसरी लाइन घ्यायला खर्च आहे, तो विचार पुढच्या वर्षी. तोपर्यंत एक लाइन फक्त बाहेरून येणाऱ्या फोनसाठी राखून ठेवायची असे ठरले. सैन्यातल्या अग्रक्रमासारखेच म्हणा. त्यामुळे गेल्या महिन्यापासून बूथवर एकच लाइन आहे, दीड तासात जेमतेम बावीस जणांचा नंबर लागतो, आणि रांगेतले उरलेले कॅडेट माझे नाव घेऊन जे काही बोलतात ते या मासिकात छापण्यासारखे नाही.